ड्रायव्हरच्या नावावरची गाडी

लिंबायतमध्ये भाऊराव बैसाणेच्या दारात जी गाडी उभी असे, ती त्याची स्वतःची आहे यावर गल्लीबाहेरच्या कुणाचाच विश्वास बसत नसे. गाडीच तशी होती. जपानची डॅटसन, बुटकी, लांब नाकाची, दोन माणसांची, वरचा टप मागे दुमडता येणारी. उभ्या सुरतेत तशी दुसरी नव्हती.

भाऊराव खानदेशातून येऊन उधन्याच्या एका रेशीम मिलमध्ये फिटर झाला होता. मिलचे मालक छगनभाई नैरोबीहून कायमचे परतले, तेव्हा ही गाडी बोटीतून बरोबर घेऊन आले. वर्षभर त्यांनी ती हौसेनं फिरवली, आणि अडुसष्टच्या पुरात तापीनं ती बंगल्याच्या आवारातच टपापर्यंत बुडवली. पाणी ओसरलं तेव्हा इंजिनात गाळ, सीटमध्ये गाळ. सुटे भाग मागवायचे तर परवान्यांचा घोळ. छगनभाई म्हणाले, "भाऊराव, तुझा जीव असेल हिच्यावर तर घेऊन जा." आणि माणूस असा सरळ, की पुढं परदेशातून आणलेली गाडी दुसऱ्याला न देण्याची कायद्याची मुदत संपल्यावर स्वतः खेटे घालून त्यांनी गाडी त्याच्या नावावर करून दिली.

बैलगाडीला बांधून त्यानं ती घरी आणली. पुढची सहा वर्षं मिलची पाळी संपली की तो त्या गाडीखाली. कुजलेले दोन कार्ब्युरेटर काढून ॲम्बॅसेडरचा एक बसवला. तो बसावा म्हणून खालची बैठक कानशीनं घासून घासून स्वतः तयार केली. रस्त्यातल्या खड्ड्यांत गाडीचं पोट घासू नये म्हणून मागच्या स्प्रिंगांना एकेक पाटा वाढवला. टप पुरात कुजून गेला होता. तो त्याच्या बायकोनं, आनंदीनं, जाड कॅनव्हास आणून मशीनवर शिवला. तीन सुया मोडल्या. चौऱ्याहत्तरच्या बुद्धपौर्णिमेला गाडी सुरू झाली, आणि लेक प्रभावतीला मांडीवर घेऊन दोघं डुमसच्या समुद्रावर जाऊन आली.

येताना पोलिसानं हात केला. "किसकी गाडी है?"

"माझी," भाऊराव म्हणाला.

त्या एका शब्दापायी तिघं दोन तास चौकीत बसली. गाडीच्या नोंदणीचं पुस्तक दाखवलं, तर पुस्तकही चोरीचं असेल म्हणे. शेवटी छगनभाईंचा फोन आला तेव्हा सुटका झाली. त्यानंतर कुणी विचारलं की भाऊराव सांगायचा, "शेठची."

पुढच्या वर्षी छगनभाई वारले. शहात्तरमध्ये घरमालकाला दारापुढच्या जागेत माग बसवायचे होते. गाडी हलवणं आलं. भाऊरावच्या मनात कधीपासून स्वतःचा लेथ घ्यायचं होतं, म्हणून त्यानं गाडी विकायला काढली. पेपरात जाहिरात दिली. गिऱ्हाइकं यायची, गल्ली बघायची, भाऊरावला बघायची, आणि मग त्यांचा आवाज बदलायचा. एकानं विचारलं, "खरं सांग, कुठनं उचललीस?" दुसऱ्यानं भंगाराचा भाव केला. एक तर गाडीतून उतरलाच नाही.

छगनभाईंच्या पत्नी सरलाबेन यांच्या कानावर हे गेलं. त्यांनी बोलावून घेतलं. "गाडी माझ्या पोर्चमध्ये लाव. गिऱ्हाईक इथं येऊ दे. मी बोलेन. तू ड्रायव्हर म्हणून उभा राहा, बस."

"पण बेन, गाडी माझी आहे."

"मला ठाऊक आहे रे. विकायची आहे ना तुला?"

घरी आनंदीला हे लपणं पटलं नाही. "आपली वस्तू शे ना? मंग लपानं कसाले?" रविवारी सकाळी तो खाकी कपडे घालून बंगल्यावर गेला.

नगीनदास जरीवाले आले, बरोबर लग्नाला आलेला मुलगा. भाऊरावनं दार उघडून धरलं. मुलाला शेजारी बसवून अठवा लाइन्सच्या रस्त्यावर गाडी अशी पळवली, की पोरगा हरखून गेला. परत आल्यावर नगीनदासांनी विचारलं, "बेन, काम कुणी केलंय हिचं?"

भाऊरावनं तोंड उघडलं होतं. तेवढ्यात सरलाबेन म्हणाल्या, "मुंबईच्या एका पारशी एंजिनिअरनं. सहा महिने गाडी तिकडेच होती."

हे काही ठरलं नव्हतं. भाऊरावनं त्यांच्याकडे पाहिलं. त्या गाडीकडे बघत होत्या.

सौदा ठरला. नगीनदासांनी चष्मा लावून पुस्तक वाचलं. "भाऊराव झिपरू बैसाणे. हे कोण?"

मग भाऊरावच बोलला. "मी. गाडी माझी आहे, शेठ. काम पण मीच केलंय."

नगीनदासांनी त्याच्याकडे पाहिलं, सरलाबेनकडे पाहिलं, आणि मोकळेपणानं हसले. "समजलो, बेन. आयकराच्या धाडींचे दिवस आहेत. माझेही बारा माग गड्याच्या नावावर आहेत. तुमचा माणूस मात्र पक्का पढवलेला हं!"

सरलाबेन चहाचे कप गोळा करू लागल्या.

"सही येते, की अंगठा?" नगीनदासांनी विचारलं. भाऊरावनं सही केली, पूर्ण नावाची, सावकाश. मुलगा टप चाचपत होता. "पप्पा, हा तंबू आधी फाडून टाकायचा." निघताना नगीनदासांनी पाच रुपयांची नोट भाऊरावच्या खिशात सारली. गाडी फाटकाबाहेर वळली आणि तिचा आवाज बराच वेळ ऐकू येत राहिला. दुसऱ्या गिअरला मुलगा घाई करत होता.

सरलाबेननी पैशांचं पुडकं जसंच्या तसं त्याच्या हातात दिलं.

"मुंबईचा पारशी का म्हणालात, बेन?"

"तुझं नाव सांगितलं असतं तर त्यानं एकेक नट तपासला असता. पारशी म्हटल्यावर बॉनेटसुद्धा उघडलं नाही. खोटं सांगते का?"

"नाही."

"एक पैसा ठेवला नाही मी तुझा, भाऊराव."

"नाही ठेवला, बेन."

त्यांच्याशी भांडावं तर त्यांचं म्हणणं खरं होतं. भांडायला दुसरं कुणी नव्हतं.

घरी आनंदी दारातच उभी होती. "काय जयं?"

"इकाय गई."

"टप पाह्या का त्यासनी?"

"पाह्या."

"काय बोलनात?"

"चांगला शे म्हने."

आनंदीचा चेहरा उजळला. प्रभावतीला हाक मारून ती सांगू लागली, आणि भाऊराव हात धुवायच्या निमित्तानं मोरीत जाऊन उभा राहिला. हात स्वच्छच होते.

लेथ आला. उधन्याला भाड्याच्या खोलीत कारखाना सुरू झाला, चाललाही बरा. सुकलाल नावाचा गावाकडचा एक कारागीर हाताखाली आला. सरलाबेन दर दिवाळीला मिठाईचा डबा पाठवायच्या. भाऊराव तो ठेवून घेई, रिकामा डबा घासून सुकलालबरोबर परत पाठवी. एकदा त्यांची फियाट बिघडली, तेव्हा त्यांनी निरोप धाडला की भाऊरावनंच यावं. त्यानं सुकलालला पाठवलं. त्यानंतर निरोप आला नाही, आणि पुढल्या दिवाळीला डबाही आला नाही.