यजमानीण बसत नाही

सोमवारी गहू निवडता निवडता दुन्याने शेवटी धीर केला.

"आई, शनिवारी चार ते सहा मी जरा स्पर्धेला बसू का?"

देसांकाने हाताला लागलेला खडा ताटाबाहेर टाकला. "स्लावाच्या दिवशी घरची यजमानीण बसत नाही," ती म्हणाली आणि पुढची मूठ ओढून घेतली.

संपला विषय. दुन्याने मान खाली घातली आणि त्यानंतर चार वेळा तेच तेच गहू निवडले.

सासूचं चुकत नव्हतं, हीच तर पंचाईत. म्रातिनदान हा या घराच्या संताचा दिवस, म्हणजे स्लावा, कुळाचार. सासऱ्यांनी, रादोयेंनी, तो यंदाच मुलाच्या आणि सुनेच्या हाती सोपवला होता. पहिलंच वर्ष. आणि नेमक्या त्याच शनिवारी जगभरचे हौशी रेडिओवाले अठ्ठेचाळीस तास एकमेकांना मोर्समधून हाका मारणार होते. क्लबचे मोमचिलोकाका फोनवर म्हणाले होते, "पोरी, दोन तास दे. तेवढ्यानेही आपल्या क्लबचे गुण वाढतात."

क्लबच्या गुणांचं दुन्याला फारसं काही नव्हतं. विश्न्या झाल्यापासून, म्हणजे आठ महिने, तिने मोर्सच्या कळीला हात लावला नव्हता. वसंतात माळ्यावरची रेडिओची खोली विश्न्याची होणार होती. "वापरत नाहीस, तर खोक्यात भरून ठेवू या का?" असं रेल्याने अगदी प्रेमाने विचारलं होतं, आणि नवऱ्याच्या प्रेमाला नाही म्हणणं तिला जमत नसे. तिने मनाशी ठरवलं होतं, हे दोन तास मिळाले आणि हात चालला, तर खोली सोडायची नाही. नाही मिळाले, तर आपणच खोकं आणायचं.

शनिवारी सकाळी पाद्री येऊन सणाचा पाव कापून गेले आणि मग दाराची कडी म्हणून लागली नाही. स्लावाला कुणी बोलवत नाही. ज्याला आठवण आहे तो येतो. दुन्या कोबीच्या पानांत गुंडाळलेल्या सार्माची भांडी उचलत होती, हसत होती, आणि डोळ्यांत तेल घालून लेकीकडे बघत होती. शिंकणाऱ्या मावसकाकांनी विश्न्याचा मुका घेतला, तेव्हा तिने ओला रुमाल काढला. स्तामेनाआत्या झितोचा, उकडलेल्या गोड गव्हाचा, चमचा बाळाच्या तोंडाशी नेऊ लागल्या, तेव्हा ती धावलीच.

"आत्या, तिला दात नाहीत हो. गहू अडकेल."

"आम्ही काय अडकून मेलो?" आत्या म्हणाल्या. "शिकलेल्या आया."

चारला पाच कमी होते. खिडकीबाहेर उजेड उतरायला लागला होता. हीच वेळ, रेडिओवर पूर्वेकडची स्टेशनं उमटायची. दुन्याने घड्याळाकडे पाठ केली आणि रिकामी ताटली विसळायला घेतली.

"तू अजून इथेच?" मागून देसांकाचा आवाज आला. "वर नाही जायचं?"

"तुम्हीच नाही म्हणालात ना."

"मी? कधी?"

"सोमवारी. यजमानीण बसत नाही, म्हणालात."

"हो मग. नाहीच बसत. मेणबत्ती विझेपर्यंत यजमानाने टेकायचं नसतं, हे काय मी आज सांगते आहे?" देसांकाने तिच्या हातातली ताटली काढून घेतली. "पण उभ्याने होत नाही का ते तुझं? तुझ्या सासऱ्यांनी सकाळीच छातीएवढ्या उंचीवर फळी ठोकली, पाद्री यायच्या आत. मला वाटलं, बघितली असशील."

दुन्याने ओले हात पुसले. "पाहुणे?" ती म्हणाली.

"रेल्याला दोन हात दिलेत देवाने. पोरगी माझ्याकडे. आणि दातांचं मला ठाऊक आहे, नीघ."

माळ्यावर, कपाटाशेजारी फळी होती आणि तिच्यावर अख्खं स्टेशन नीट मांडलेलं. फक्त वायर एक उलटी जोडली होती. ती सारखी करून दुन्याने हेडफोन एकाच कानाला लावला. दुसरा कान जिन्याकडे.

पहिल्या हाकेला हात अडखळला. एक टिंब जास्त पडलं, आपलंच नाव चुकलं. कानशिलं तापली. परत पाठवलं. उरलपलीकडून कुणीतरी उत्तर दिलं: पाच नऊ नऊ, सतरा. आवाज छान येतोय, मी अमक्या विभागातला. तिने आपलं पंधरा दिलं. मग फिनलंड. मग जपान, बारीक, पाण्याखालून बोलल्यासारखा. साडेचारपर्यंत बोटं तिला विचारीनाशी झाली, आपणहून चालू लागली.

दोनदा तिला रडणं ऐकू आलं. दुसऱ्यांदा ती अर्ध्या जिन्यापर्यंत उतरली. खाली पायरीवर देसांका विश्न्याला मांडीवर घेऊन होती.

"मीच आहे. ती हसते आहे. जा."

पाचनंतर सासू स्वतःच वर आली, कडेवर नात, हातात मांसाचा तुकडा आणि पाव. हेडफोनच्या मोकळ्या बाजूला तिने कान लावला.

"हा कोण?"

"ओसाकाचा कुणीतरी."

"ओळखीचा?"

"छे. मी आहे म्हणून सांगायचं, ज्याला यायचं तो येतो."

"आणि त्याला काय देतेस?"

"विभागाचा आकडा. पंधरा."

"एवढंच? घोटभर राकियासुद्धा नाही?" देसांकाने पाव फळीवर ठेवला. "चिक्कू आहेस. खा, थंड होतंय. उभ्याने खा."

सहाला तिने हेडफोन उतरवले तेव्हा वहीत सत्त्याण्णव नावं होती. पोटऱ्या भरून आल्या होत्या. स्वयंपाकघरात आत्या विचारत होत्या, यजमानीणबाई कुठे गडप झाल्या होत्या दोन तास.

"वर होती, पाहुण्यांत," देसांका म्हणाली. "तिच्याकडे आपल्यापेक्षा जास्त आले."

पाहुणे पांगल्यावर रेल्याने वाईनचे थेंब टाकून मेणबत्ती विझवली. तेव्हा कुठे दुन्या खुर्चीवर टेकली. सगळ्या आठवड्याचं, फळीचं, पायरीवरच्या त्या बसण्याचं काहीतरी एकदम म्हणायचं होतं तिला. "आई, तुमचे फार उपकार झाले," एवढंच निघालं.

"सोमवारी नीट विचारायचं होतंस," देसांका म्हणाली. "आठवडाभर तोंड पाडून फिरलीस, मला वाटलं बरं नाही. पुढच्या वर्षी म्रातिनदान रविवारी आहे. तेव्हाही असतं का हे?"

दुन्याने मनात तारखा मोजल्या. "असतं."

"मग ती खोली पोरीला कशाला देताय? पाळणा आमच्या खोलीत मावेल."

रेल्याने बायकोकडे बघितलं. दुन्याने लगेच होकाराची मान हलवली, कुणाचं मन बदलण्याआधी. डोळे भरून आले होते आणि तिने ते पुसले नाहीत. मग मात्र तिला रादोयेंचं घोरणं आठवलं, आणि त्यात बाळाला झोप लागेल का, याची काळजी तिने तिथेच, कृतज्ञतेच्या जोडीने, सुरू केली.