चिमण्यांची पोटं

सासूबाईंनी माझ्या कामाला "छान" म्हणायला सुरुवात केली, तेव्हाच मी ओळखलं, काहीतरी बिनसलंय.

मी लग्न होऊन आल्यापासून या बाईने माझ्या एकाही कागदी फुलाला धड नावाजलं नव्हतं. "ही पाकळी आहे की भिंतीचा पोपडा?" हे त्यांचं त्यातल्या त्यात बरं मत. आणि आता त्या पलंगावर उताण्या पडून छताकडे बघत असायच्या. मी काहीही दाखवायला नेलं की मान न वळवता म्हणायच्या, "छान झालंय हो."

आमचा धंदा सजावटीचा. ब्रायडल शॉवर, बेबी शॉवर अशा घरगुती समारंभांना जे जे लागतं ते आम्ही हाताने करतो. क्रेपच्या फुलांच्या माळा, घडीचे कागदी पंखे, खुर्च्यांना बांधायचे बो आणि पाळण्यावर टांगायची, कापडी चिमण्यांची चिमणाळी. हा धंदा सासूबाईंनी एकटीने उभा केला. मी या घरात पहिलं पाऊल टाकलं तेच गोंदाच्या वाटीत, आणि ते त्या अजून विसरलेल्या नाहीत. पुढच्या खोलीत काम चालतं. तिथे पंखा लावायचा नाही, कारण टिश्यूची फुलं उडतात. त्यामुळे ऐन उकाड्यात आम्ही दोघी घामाने निथळत फुलं करायचो आणि एकमेकींवर खेकसायचो. आमचे हे तेवढ्यापुरते चप्पल घालून बाहेर पडायचे.

मग एका हॉलमध्ये माळ बांधताना त्या स्टुलावरून पडल्या. "मी चढते" असं मी म्हटलं होतं. पण "तुझी गाठ समारंभ संपेपर्यंत टिकत नाही" म्हणून स्वतः चढल्या. खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, हाड जुळलं, डॉक्टर खूश झाले. सासूबाई मात्र उठेनात. "माझं आता काय राहिलंय? तुला सगळं येतंच," एवढं बोलून तोंड मिटायच्या. त्यांच्याकडून व्यायाम करून घ्यायला एक मुलगी यायची. तिला आम्ही व्यायामवालीच म्हणायचो. तीही गोड बोलून बोलून थकली. शेवटी तिने मला दारात गाठलं.

"काकू, हाडाचं काम झालंय. पण त्या स्वतःहून उठून बसल्या नाहीत तर पायांतली ताकद जाईल. मग मनात आलं तरी उभं राहता येणार नाही. आता फार वेळ नाही हातात."

मी काय करायचं बाकी ठेवलं होतं? विनवण्या केल्या. चिडले. अबोला धरला, तर त्यांच्या ते लक्षातसुद्धा आलं नाही. शेवटी एक बो मुद्दाम बिघडवला. एक कान लांब, एक आखूड आणि मधली गाठ म्हणजे नुसता बोळा. तो त्यांच्या नाकासमोर धरला आणि वाट बघत उभी राहिले.

"छान झालंय हो."

मी स्वयंपाकघरात गेले आणि नळ सोडून रडले. भांडायला माणूस उरलं नाही की घर खायला उठतं, हे मला कुणी सांगितलं असतं तर मी त्याला वेड्यात काढलं असतं.

त्यातच एका होणाऱ्या मावशीची बेबी शॉवरची ऑर्डर आली. तिच्या धाकट्या बहिणीचं पहिलं बाळ, आणि घाई सगळी हिला. सगळं साय रंगात हवं म्हणाली. हल्ली जो तो साय रंग मागतो. फुलं साय, रिबिनी साय, टेबलावरचं कापड साय. समारंभ आहे की दुधाचं पातेलं, कळत नाही. या सगळ्याच्या मधोमध टांगायला एक मोठं चिमणाळं हवं होतं, साय रंगाच्या कापडी चिमण्यांचं. समारंभ आटोपला की ते बाळाच्या पाळण्यावर जाणार होतं.

ते मी आमच्या घरच्या पद्धतीने केलं. कापडाचे दोन तुकडे उलट बाजूने शिवायचे, पोटाशी फट ठेवायची, त्या फटीतून चिमणी सुलटी करायची, कापूस भरायचा आणि फट बंद करायची. बाजूंना लेसचे पंख, मण्यांचे डोळे. सगळ्या चिमण्या परातीएवढ्या लाकडी कड्याला दोऱ्यांनी बांधायच्या आणि गाठींवर गोंद लावायचा. झालं तेव्हा मलाच माझं कौतुक वाटलं. पण गोंद वाळायला ते रात्रभर टांगून ठेवायला हवं होतं आणि पुढच्या खोलीत माळांनी इंचभर जागा सोडली नव्हती. रिकामा हूक घरात एकच होता, सासूबाईंच्या पलंगावर, अगदी कडेला. त्या झोपल्या होत्या. मी हळूच टांगलं आणि दिवा मालवला.

सकाळी मी चहा टाकत होते, तेवढ्यात हाक आली.

"सूनबाई! अगं ए सूनबाई!"

इतक्या दिवसांत तो आवाज भिंतीपलीकडे आला नव्हता. पडल्या असणार असं वाटून गॅस तसाच टाकून धावले. सासूबाई जागच्या जागीच होत्या. डोळे मात्र वटारलेले आणि एक बोट वर.

"हे काय टांगलंयस माझ्या डोक्यावर?"

"चिमणाळं आहे, आई. गोंद वाळायला..."

"ते दिसतंय मला. या चिमण्यांची ऑपरेशनं झालीत की काय? सगळ्यांच्या पोटावर टाके!"

मलाही राग आला. किती बरं वाटलं म्हणून सांगू तो राग येताना! "तुम्हीच शिकवलंत ना? शिवण पोटाला घ्यायची, म्हणजे बघणाऱ्याला दिसत नाही."

"कोण बघणारा?"

"पाहुणे. बाजूने बघतात ते."

"आणि ज्याच्यासाठी टांगायचं, ते कुठून बघणार?"

मी मान वर करून कड्याकडे बघितलं.

"ये. इथे झोप," सासूबाई म्हणाल्या आणि हाताने पलंगाची कड थोपटली. मी त्यांच्याशेजारी आडवी झाले. सासूच्या पलंगावर सासूच्या शेजारी मी जन्मात झोपले नव्हते. आम्ही दोघी वर बघत राहिलो. पंख दिसत नव्हते. डोळे दिसत नव्हते. कड्याच्या खालच्या अंगाला गोंदाचे पिवळे ओघळ होते, गाठींची टोकं लोंबत होती आणि प्रत्येक पोटावर फट बंद केल्याचे जाडे टाके. आम्ही एवढी चिमणाळी केली, अख्ख्या गावाने वाहवा केली, पण त्यांच्याखाली पाठ टेकून बघायचं दोघींपैकी एकीलाही सुचलं नव्हतं. कामच उभ्याने करायचो, बघणार कुठून?

"किती पोरांना आपण हे दाखवलं गं," सासूबाई म्हणाल्या. आवाज एकदम बारीक झाला होता. मला वाटलं, आता पुन्हा तोंड मिटणार. म्हणून मी घाईने म्हटलं, "एकाने तरी तक्रार केली का?"

त्यांच्या पोटातून काहीतरी खदखदलं. मग मलाही आवरेना. पलंग करकरायला लागला.

नेमक्या त्याच वेळी होणारी मावशी दारात उभी. दुसऱ्या दिवशी समारंभ, म्हणून काम कुठवर आलं ते बघायला आली होती. आम्हाला दोघींना आडव्या बघून तिचा चेहरा उतरला. "काकू... मी नंतर येऊ का?"

"चपला काढ आणि खाली बस," सासूबाईंनी फर्मावलं. "आता वर बघ. काय दिसतं?"

तिने फरशीवर बसून मान वर केली. "टाके," ती चाचरत म्हणाली. "पण फोटोत थोडेच येणार आहेत?"

"पाळण्यात फोटो झोपणार आहे का?"

सासूबाईंनी बसल्या बसल्या, म्हणजे पडल्या पडल्या, सगळं ठरवून टाकलं. प्रत्येक चिमणीच्या पोटावर रंगीत कापडाचं ठिगळ लावायचं. एकीला लाल, एकीला हिरवं, एकीला ठिपक्यांचं. "तान्ह्या बाळाला साय रंग काय कळणार? त्याला वाटेल, छतच लोंबतंय."

"रंगीत?" मावशी दचकली. "अहो, धाकटी मला घरात घेणार नाही. तिने महिनाभर एकाच रंगाचा ध्यास घेतलाय." ती पुन्हा वर बघायला लागली. मग हसली. "करा. बाळाला रंग, पाहुण्यांना साय. फक्त बाजूने एक कण दिसता कामा नये."

ती गेली आणि आम्ही कामाला लागलो. मी खुर्चीवर चढून कड्यावरून एकेक चिमणी सोडवायची, ठिगळ लावायची, परत टांगायची आणि सासूबाई खालून निकाल द्यायच्या. "लाल कडेला घे. हिरव्याशेजारी हिरवं आलं की गं, डोळे कुठेत?" दुपारपर्यंत माझा अगदी पिट्ट्या पाडला. मी उलट उत्तरं देत होते आणि मनातल्या मनात कुणाचे तरी आभार मानत होते.

ठिपक्यांच्या चिमणीपाशी घोडं अडलं. तिचं ठिगळ सारखं चुरगळत होतं. मी उसवलं, पुन्हा शिवलं, पुन्हा उसवलं.

"दे इकडे," सासूबाई म्हणाल्या.

मी चिमणी दिली, सुई दिली. त्यांनी दोन्ही हात चेहऱ्यावर उंच धरून शिवायचा प्रयत्न केला. दोरा तोंडात गेला. कापसाचा पुंजका डोळ्यात पडला. दंड थरथरायला लागले. "झोपून कुणी शिवतं का!" त्या माझ्यावरच खेकसल्या, जणू मीच त्यांना झोपवून ठेवलं होतं. "उशी लाव."

मी उशी लावली. "अजून एक." लावली. "आता पाठीला हात दे, नुसती बघत काय राहिलीस?"

मी हात दिला. त्यांनी दात आवळले, कोपर रोवलं आणि उठून बसल्या. पाय पलंगावरून खाली सोडले. मला ओरडावंसं वाटत होतं, यांना फोन करावासा वाटत होता, व्यायामवालीला रस्त्यातून ओढून आणावंसं वाटत होतं. पण एक शब्द बोलले असते तर त्यांच्या लक्षात आलं असतं. म्हणून मी मूग गिळून गप्प बसले. माझ्यासारख्या बाईला ते किती जड गेलं, ते माझं मला माहीत. त्यांनी सुईत नजर रोवली आणि ठिगळ असं बसवलं की टाका शोधून सापडेना.

ऊन भिंतीवर चढेपर्यंत शेवटची चिमणी टांगून झाली. कड्याचं खालचं अंगही रिबिनीने झाकलं.

"खालून झालं," सासूबाई म्हणाल्या. "बाजूने रंग दिसतोय का?"

"नाही दिसत, आई."

"तुझ्या डोळ्यांचं मला सांगू नकोस. मी बसल्याजागेवरून पोटंच बघतेय. पाहुणे उभ्याने बघणार." त्यांनी कोपऱ्याकडे बोट केलं. "तो वॉकर आण."

हॉस्पिटलातून आल्यापासून त्या वॉकरला त्यांनी हात लावला नव्हता. मी त्यावर साय रंगाच्या रिबिनी वाळत घातल्या होत्या. त्या भराभर ओढून काढल्या आणि वॉकर त्यांच्यापुढे ठेवला. त्यांनी दांडा धरला, मी काखेत हात घातला. एकदा उठल्या आणि परत बसल्या. दुसऱ्यांदा मात्र उठल्या आणि उभ्या राहिल्या. गुडघे लटपटत होते, कपाळावर घाम होता, पण त्यांचं लक्ष पायांकडे नव्हतंच. पलंगाबाहेर आलेल्या कड्याखालची चिमणी त्यांच्या चेहऱ्यासमोर होती. त्यांनी तिच्यावर हलकेच फुंकर मारली. चिमणाळं सावकाश फिरलं, साय रंगाच्या सगळ्या चिमण्या एकामागून एक समोरून गेल्या आणि रंगाचा कणही दिसला नाही.

"जमलं," त्या म्हणाल्या. मग धपकन बसल्या आणि धापा टाकत म्हणाल्या, "उद्या पुन्हा बघू."

"उद्या ते जाणार, आई. समारंभ आहे."

"मग दुसरं टांग."

मला रडू कोसळलं. लपवायला नळही जवळ नव्हता. त्यांनी माझ्याकडे बघितलं, कपाळाला आठ्या घातल्या आणि पदराने घाम पुसला.

"रडतेस काय? आणि या खेपेला जरा उंच टांग. उभ्या माणसाच्या नाकाला लागतंय."