सालोमेयाचं सुतक

सांगतो, पण तुमचा विश्वास बसायचा नाही. माझाही बसला नसता, पण मी तिथं होतो. आमचा पोलंड देश ऑस्ट्रियाच्या अंमलाखालच्या आमच्या सानोक गावात एकदा सकाळभर स्वतंत्र झाला होता, आणि तोही एका लग्नापायी. ईस्टरचं ताट समोर आलं की मला हटकून ते आठवतं.

पलीकडं रशियाच्या झारविरुद्धचं आमच्या लोकांचं बंड नुकतंच बुडालं होतं. घरोघरच्या बायकांनी देशाच्या सुतकात काळे झगे चढवले. पुढं बाकीच्यांनी ते उतरवले, आमच्या गावच्या सालोमेयानं नाही. वर तिनं शपथ घेतली: देश कबरीतून उठेल तेव्हाच काळं उतरवीन आणि लग्न करीन. पंचाईत झाली हिलारी मास्तरांची. जीव तिच्यावर जडलेला, आणि डोक्यावरचे केस तर भराभर चाललेले.

पण मास्तर पडले इतिहासाचे तत्त्वज्ञ. तिच्या स्वयंपाकघरात खुर्ची ओढून बसले.

"सालोमेया, आपला देश म्हणजे राष्ट्रांमधला ख्रिस्त. तीन बादशहांनी आपसात वाटून घेऊन क्रुसावर चढवला, म्हणजे तिसऱ्या दिवशी उठणारच. आता इतिहासाचा एक दिवस म्हणजे एक पिढी. पहिल्या पिढीत मेलो, दुसरीत पुरले गेलो, तिसरीत उठायचं. आणि तिसरी पिढी म्हणजे, अगं, मीच!"

"मग उठा की," ती कोबी चिरत म्हणाली. "बसलायत कशाला?"

मास्तर धावले पाद्री बोनिफात्सींकडे. एवढं देवळातून जाहीर करा म्हणाले. पाद्रीबुवा हसले. "देवाचा एक दिवस हजार वर्षांचा असतो, मास्तर. लग्नाची घाई करू नका."

मग ते गुत्त्यात आले आणि बोलू नये ते बोलून गेले. "मंडळी, आपलं भोगून झालं! दुःख संपलं!"

झालं! सगळा गुत्ता अंगावर आला.

"संपलं? कुणाला विचारून संपवलंस?" लोहार ओरडला. "सगळ्या जगाची पापं आम्ही फेडतोय, आणि हा म्हणे संपलं! गद्दारा, आमच्याकडे दुसरं आहे काय?"

मास्तर रस्त्यावर. आता देश प्रत्यक्ष उठवून दाखवण्यावाचून इलाज नव्हता. आमच्याकडे गुड फ्रायडेला देवळात ख्रिस्ताची कबर मांडतात आणि आग विझवणारे बंबवाले चकचकीत शिरस्त्राणं घालून तिच्यावर पहारा देतात. त्यांच्या पायांमधून मास्तर आत सरपटले. काखेत सालोमेयाचंच पांढरंशुभ्र बदक, त्याच्या डोक्याला सोनेरी कागदाचा मुकुट. लांबून पाहावं तर हुबेहूब आमच्या झेंड्यावरचा मुकुटवाला पांढरा गरुड!

ईस्टरच्या पहाटे घंटा वाजल्या आणि कबरीतून तो पक्षी भर्रकन उडाला. बंबवाले गुडघ्यांवर, लोहार ढसाढसा रडतोय, ऑस्ट्रियाच्या शिपायानं तर सलामच ठोकला. पक्षी जाऊन कचेरीच्या मनोऱ्यावर बसला, आणि दुपारपर्यंत एकाही अधिकाऱ्याची सरकारी जर्मन बोलायची छाती झाली नाही. आणि सालोमेया? ती आकाशी निळा झगा घालून लग्नाला उभी...

"थांब रे थापाड्या!" टेबलाच्या दुसऱ्या टोकाला हॅम कापत असलेल्या सालोमेयानं सुरीच उगारली. "ओनुफ्री, ते बदक शनिवारीच माझ्या भट्टीत भाजून झालं होतं, आणि त्याची तंगडी तूच ओरपलीस! निळा झगा कसला? काळ्यातच लग्न केलं मी. हे दाराशी आले आणि एकही सिद्धान्त न मांडता नुसते रडले. म्हटलं, देशाची वाट बघायचीच आहे, तर दोघं मिळून बघू!"