भिंतीलगतचा फटका

दातांच्या डॉक्टरांनी सत्तरी गाठली, दवाखाना मुलीच्या हाती सोपवला आणि मग देशोदेशी जाऊन गोल्फ खेळणं हाच त्यांचा उद्योग झाला. वाळवंटातल्या मैदानावर ते खेळले होते. हवा विरळ असल्यामुळे चेंडू भलताच लांब जातो, अशा डोंगरावर खेळले होते. एका बेटावर तर मगर दिसली म्हणून चेंडू तिथेच सोडून पळाले होते.

"आयुष्यभर लोकांच्या दातांतले खड्डे बुजवलेत, आता जमिनीतले शोधत हिंडा," असं म्हणून बायकोने सोबत जाणं सोडलं. तिच्या जागी तिच्या धाकट्या बहिणीचा नवरा यायला लागला. हा साडू सिमेंटचा व्यापारी. खेळ बेताचा, पण तोंडाचा पट्टा अखंड.

समुद्राकाठचं एक जुनं मैदान तेवढं राहिलं होतं. तिथे खेळायचं तर सोडतीत नाव निघावं लागे. डॉक्टरांचं नाव वर्षानुवर्षं निघत नव्हतं. यंदा निघालं, दोघं विमानात बसले, उतरले, आणि सामानाच्या पट्ट्यावर साडूची गोल्फच्या काठ्यांची बॅग आली. डॉक्टरांची आलीच नाही.

"येईल हो, मागे राहिली असेल," साडू म्हणाला.

पट्टा थांबला. खिडकीतल्या माणसाने संगणकात डोकं घालून सांगितलं, की बॅग कुठे आहे ते सध्या दिसत नाही.

"दिसत नाही म्हणजे? खांद्याएवढी बॅग आहे ती!" डॉक्टर म्हणाले.

त्याने एक फोन नंबर दिला. त्या नंबरावर संध्याकाळभर वाजंत्री ऐकू आली, माणूस काही बोलला नाही.

दुसऱ्या कुणाची बॅग असती तर एवढं बिघडलं नसतं. मैदानावर गोल्फच्या काठ्या भाड्याने मिळतात. पण डॉक्टर डावखुरे होते, आणि डावखुऱ्याच्या काठीचं पातं उलट बाजूला असतं. सकाळी ते मैदानाच्या दुकानात पोचले, तेव्हा दुकानातल्या बाईंनी मनापासून हळहळ व्यक्त केली.

"डावखुरा संच आमच्याकडे एकच आहे, आणि आत्ताच एक पाहुणे घेऊन गेले."

"मग विकत द्या. नवा द्या."

"मागवावा लागेल. चार दिवस लागतील."

"माझी वेळ आज दुपारची आहे हो! डावखुऱ्यासाठी तुमच्याकडे काहीच नाही?"

बाईंनी मागच्या फळीकडे पाहिलं. "डाव्या हाताचे हातमोजे आहेत."

तो मोजा उजव्या हाताने खेळणारे घालतात. साडूला हसू आवरेना. डॉक्टर दाणकन दार लोटून बाहेर पडले.

"माझ्या काठ्या घ्या ना," साडू मागोमाग येत म्हणाला. "एक दिवस उजव्या हाताने खेळलात तर काय आभाळ कोसळणार आहे?"

हे मात्र डॉक्टरांना झोंबलं. लहानपणी डाव्या हातात पेन्सिल दिसली की वडील फुटपट्टी उचलत. शेवटी लिहायला उजवा हात लागला, अक्षर कायमचं कोंबडीच्या पायासारखं झालं. पुढे मामाने त्यांना पहिल्यांदा मैदानावर नेलं आणि "तुला जमेल तसं उभा राहा" एवढंच सांगितलं. तिथे त्यांना कुणी कधी डावं-उजवं केलं नाही.

तरीही सरावाच्या जागेवर त्यांनी साडूची काठी उजवीकडून धरून पाहिली. पहिला फटका हवेत गेला. दुसऱ्याने गवत उपटलं. तिसऱ्याने चेंडू दोन हात सरपटला. शेजारचे लोक सभ्यपणे दुसरीकडे पाहू लागले.

"नाही खेळत," डॉक्टर म्हणाले. "तुम्ही खेळा. मी चालतो."

आणि ज्या मैदानाची त्यांनी उभा जन्म वाट पाहिली, त्यावर ते रिकाम्या हाताने साडूच्या मागे चालू लागले. साडूचे चेंडू झुडपात जात, वाळूत रुतत आणि प्रत्येक वेळी तो समुद्राच्या वाऱ्याला दोष देई. डॉक्टरांना दिसत होतं, इथे छोटी काठी हवी, इथे उताराचा फायदा घ्यायला हवा. सांगायची इच्छा होई, पण दात-ओठ खाऊन ते गप्प राहत.

मैदानाच्या पार टोकाला एक बुटकी दगडी भिंत होती. साडूचा चेंडू घरंगळत जाऊन तिला चिकटला. खड्ड्यातला झेंडा समोर, भिंत डाव्या हाताला. उभं राहायला जागाच नाही. त्याने पाठ टेकवून पाहिली, एक पाय भिंतीवर ठेवून पाहिला.

"डॉक्टर, हा तुमचा. तुमच्या बाजूला जागाच जागा आहे."

"नियमात बसत नाही."

"आपल्याला कुठे बक्षीस घ्यायचंय? मारा हो! तुमच्या तर डाव्या हातचा मळ."

डॉक्टरांनी इकडेतिकडे पाहिलं. मग काठी हिसकावून घेतली, पात्याचं टोक खाली येईल अशी उलटी धरली आणि डावखुरे उभे राहिले. फटका बसला. चेंडू भिंतीला घासून उठला, वाऱ्यात थोडा वळला आणि झेंड्यापासून चार पावलांवर थांबला.

साडूने टाळ्या वाजवल्या. डॉक्टरांनी काठी परत दिली. आनंद झाला होता, पण त्याहून जास्त राग आला होता: हे हात शाबूत आहेत, मैदान पायाखाली आहे, आणि बॅग मात्र कुठल्या तरी गोदामात पडली आहे!

रात्री जेवताना साडू शेजारच्या टेबलावरल्या लोकांना रंगवून सांगत होता. "भिंतीजवळून असा उचलला आम्ही चेंडू..."

"आम्ही नाही," डॉक्टर म्हणाले. "मी."

"तेच हो. एकूण एकशे सोळा फटक्यांत झालं माझं."

"तो फटका माझा होता, साडूभाऊ. तुमच्यात धरू नका."

"अहो, पण मग माझा डाव पुरा कसा व्हायचा?"

"नाही होणार," डॉक्टर म्हणाले आणि पाव तोडायला लागले.

साडूचा चेहरा उतरला. हात पुसत तो म्हणाला, "पुढच्या वर्षी सोडतीत पुन्हा नाव घालू या दोघांचं."

"माझं एकट्याचं घालणार आहे," डॉक्टर म्हणाले. पण खोलीत गेल्यावर त्यांनी अर्ज भरला, तेव्हा सोबत्याच्या रकान्यात कुरकुरत का होईना साडूचंच नाव लिहिलं.