पेन्सिलने लिहिलेले माझे वय

मी तळहाताएवढा, कडा कुरतडलेला, पपायरसचा एक जुनापुराणा तुकडा आहे. मित्रांनो, आपली गोष्ट सांगणारा आधी आपला जन्म सांगतो. माझी गाडी तिथेच अडते, कारण माझे जन्मसाल मला ठाऊक नाही. या एका गोष्टीपायी एका घरात अबोला व्हायची वेळ आली होती. ती कशी टळली, तेच मला सांगायचे आहे.

एका रुंद नदीच्या काठी, चिखलात उंच वाढणाऱ्या लव्हाळ्यासारख्या झाडाचा मी गाभा. कारागिराने माझ्या पातळ पट्ट्या काढल्या. एक थर उभा आणि एक आडवा ठेवून त्या ठोकल्या, वाळवल्या, शिंपल्याने घासून गुळगुळीत केल्या. मग मी एका लेखनिकाच्या हाती आलो. त्याने दुसऱ्या प्रतीत बघून माझ्यावर येशूच्या शुभवर्तमानाचा काही भाग ग्रीक अक्षरांत उतरवला. किती मन लावून लिहायचा तो! फक्त तारीख घातली नाही. त्या काळी तक्रारींवर आणि करारांवर राजाच्या कारकिर्दीचे वर्ष लिहीत. धर्मग्रंथावर मात्र कोणी तारीख घालत नसे. लोकांनी मला वाचून वाचून माझे पुस्तक फाडले. मी कचऱ्याच्या ढिगात गेलो आणि कोरड्या वाळूखाली कित्येक शतके गाढ झोपलो.

जाग आली तेव्हा माझ्या अंगावर सातच ओळी उरल्या होत्या. मला दोन काचांमध्ये ठेवून एका ग्रंथालयात आणले. तिथल्या थोरल्या ग्रंथपालांनी भिंगातून माझ्या अक्षरांचे वळण पाहिले. आजोबांच्या अक्षराचे वळण नातवाच्या अक्षरात राहत नाही. त्यावरून काळ ताडता येतो. त्यांनी माझ्या पेटीच्या कार्डावर लिहिले, 'अंदाजे इसवी सन १२५'. लिहिले ते पेन्सिलने. त्या ग्रंथालयाची शिस्तच होती, अंदाज पेन्सिलने लिहायचा आणि खात्री शाईने.

थोरले गेले. त्यांच्या जागी एक तरुण ग्रंथपाल आले. माणूस सरळ, कामाला वाघ. एक दिवस त्यांना दिसले की कार्डावरची पेन्सिल पुसत चालली आहे. 'अंदाजे' हा शब्द तर जवळजवळ नाहीसाच झाला होता. उरलेले तरी टिकावे म्हणून त्यांनी आकड्यांवरून शाई फिरवली, अगदी वळणदार. मी काचेतून ओरडत होतो, पण तुकड्याचे कोण ऐकतो?

शाईने काय जादू केली म्हणून सांगू! कार्डावर खात्री दिसताच मी शुभवर्तमानाच्या प्रतींत सगळ्यांत जुना ठरलो. ग्रंथपालांनी माझ्यावर जाडजूड पुस्तक लिहिले. लांबलांबून विद्वान आले, वाकून माझ्याकडे बघू लागले. मीही फुगलो, खोटे कशाला सांगू?

वर्षे गेली. ग्रंथपाल म्हातारे होऊन निवृत्त झाले आणि त्यांच्या टेबलाशी त्यांची सून बसू लागली. जुनी अक्षरे ओळखण्याचे वेड तिला त्यांनीच लावले होते. त्या वर्षी ग्रंथालयाने मोठे प्रदर्शन मांडायचे ठरवले. मधल्या दालनातली मानाची पेटी माझी होती आणि उद्घाटनाला बोलणार होते सासरे. छापायच्या मजकुरासाठी सुनेने माझे वय पुन्हा तपासायला घेतले. तिला वाटले, अर्ध्या तासाचे काम आहे.

पहिला घोळ तिथेच निघाला. सासऱ्यांच्या पुस्तकात माझ्या वयाचा पुरावा म्हणून पलीकडच्या कपाटातला दुसरा एक तुकडा दिला होता. तिने त्याचे कार्ड काढले. तिथे लिहिले होते की याचे वय माझ्यावरून ठरवले आहे. म्हणजे मी त्याच्या भरवशावर जुना आणि तो माझ्या! तिने दोन्ही कार्डे शेजारी ठेवली आणि कपाळावर हात मारून घेतला.

मग तिला एका गठ्ठ्यात एक तक्रार अर्ज सापडला. कोणा शेतकऱ्याने लिहवून घेतला होता, की शेजाऱ्याची बकरी रोज माझ्या बागेत शिरते आणि शेजारी म्हणतो ती माझी नव्हेच. अर्जावर राजाच्या कारकिर्दीचे वर्ष होते. हिशेब केला तर ते इसवी सन १९८ निघाले. आणि अक्षर? तेच माझ्यासारखे वळण, तीच अक्षरे जोडण्याची लकब. मी धर्मग्रंथ, आणि माझे वय सांगायला आली बकरी! दोन दिवस मी रुसून बसलो होतो.

सहकाऱ्याने सुचवले की रसायनशाळेत तपासून घेऊ. पण त्यासाठी माझा कोपरा कापून जाळावा लागतो, आणि उत्तर येते तेही शंभरेक वर्षांच्या पट्ट्यात. सात ओळींतून काय कापणार? ती नको म्हणाली, तेव्हा माझ्या जिवात जीव आला.

शेवटी तिने माझे कार्ड दिव्याखाली तिरके धरले. शाईखाली पेन्सिलचा चर दिसला. आकड्याच्या अलीकडे पुसट 'अंदाजे'ही दिसले. आणि शाईतल्या पाचाची लांब शेपटी पाहून ती जागच्या जागी थिजली. तो पाच ती रोज सकाळी बघत होती. घरच्या फ्रिजवर सासरे चिठ्ठी लावत, 'डॉक्टर, संध्याकाळी ५'. तशी शेपटी दुसरे कोणी काढत नसे.

सहकारी म्हणाला की जुनेच छापून टाका, आठ दिवसांच्या प्रदर्शनात कोणाला काय कळणार. तिला ते पटेना. खरे छापावे तर सासऱ्यांच्या पुस्तकावर पाणी पडणार आणि तेही भरसभेत, सुनेच्या हातून. खोटे छापावे तर त्यांनीच शिकवलेल्या विद्येला तोंड कसे दाखवणार? तिला रडू आवरेना. मी ते पाहिले आणि माझा रुसवा कुठच्या कुठे पळाला.

चार दिवसांनी सासरे भाषणाची टिपणे करायला आले. तिने मला, अर्जाला आणि कार्डाला असे तिघांना ओळीने मांडले आणि भिंग त्यांच्या हातात दिले. त्यांनी अर्ज पाहिला, मला पाहिले, पुन्हा अर्ज पाहिला. मग दिवा स्वतःच तिरका केला.

"हा पाच माझा आहे," ते म्हणाले.

"हो, बाबा."

"कधीपासून माहीत आहे तुला?"

"चार दिवस झाले. घरी सांगायचा धीर झाला नाही."

"म्हणून आमटीत दोनदा मीठ पडलं होय." त्यांनी चष्मा काढून पुसला. डोळेही पुसले. "चाळीस वर्षं मी लोकांना बजावत आलो, आधी तारीख कुणी लिहिली ते बघा. माझीच बघायची राहिली."

"पुस्तकाचं काय करायचं, बाबा?"

"पुस्तक राहू दे. भाषणात मीच सांगेन. ही चूक दुसऱ्या कुणी सांगितली असती तर मला झोंबलं असतं. तू शोधलीस, म्हणजे शिकवणं फुकट गेलं नाही." त्यांनी हात पुढे केला. "पेन्सिल दे. टोक केलेली."

नव्या कार्डावर त्यांनी सावकाश लिहिले, 'अंदाजे इसवी सन १७५ ते २२५'. खाली आणखी एक ओळ लिहिली, की हे वय या प्रतीचे आहे, मूळ लेखन त्याआधीचे. पाचाला शेपटी होतीच.

आता मी मानाच्या पेटीत नाही, बाजूच्या पेटीत आहे. पन्नास-शंभर वर्षांनी लहान झालो, म्हणून कोणी रडते का? शेजारी बकरीचा अर्ज आहे. तुमच्यासारखी मुले येतात, आधी बकरीचे वाचून खिदळतात आणि मग माझ्याकडे वळतात. मला चालते. मात्र मित्रांनो, काचेवर झगझगीत उजेड पाडू नका, माझी शाई फिकी होते. आणि जे नक्की माहीत नाही ते पेन्सिलनेच लिहा. पुसट होऊ लागले तर पुन्हा पेन्सिलनेच गिरवा. दर वर्षी सासरे येतात, सून पेटी उघडते आणि ते माझ्या कार्डावरचे 'अंदाजे' आधी गिरवतात.