राखून मारायचा ठोसा

धाकटीला पगार मिळायचा तो मार खाण्याचा. थोरली बहीण बॉक्सिंग क्लबची विजेती. तिला सरावाला रोज कुणीतरी बडवायला लागायचं, आणि घरातलंच माणूस असताना बाहेर कशाला शोधा, असा बापाचा सरळ हिशोब. दोघींचा प्रशिक्षक तोच. थोरलीला तो शिकवायचा आणि धाकटीला बजावायचा, "ताईच्या नाकाला धक्का लागता कामा नये." ते नाक एकदा मोडून, शस्त्रक्रिया होऊन बसलेलं. त्यामुळे धाकटीचा उजवा हात नाकापाशी आला की आपोआप थांबायचा.

यात तिच्या दोन बरगड्या आणि एक दात गेला होता. पण पगार वेळेवर येत असला की दुखणंसुद्धा अंगवळणी पडतं.

मग टकल्या मास्तर भेटला. दुसऱ्या शहरात, बंद पडलेल्या गोदामात त्याने नवा क्लब काढला होता. छप्पर अर्धंच होतं. "लढती मिळवून देतो," तो तिला म्हणाला. "पगाराचं विचारू नकोस. जिंकलीस तर जेवशील, हरलीस तर माझ्याबरोबर उपाशी बसशील." त्याच्याकडे जाणारी गाडी आज दुपारची होती.

सकाळी तिने बापाला सांगितलं. त्याने आधी कानाखाली वाजवली, मग म्हण ऐकवली. "हातचं सोडून पळत्याच्या पाठीस लागणाऱ्याचं काय होतं, ठाऊक आहे?"

"नाही. जाऊन बघते."

थोरली ग्लोव्हज चढवत ऐकत होती. "एक फेरी खेळ माझ्याशी," ती म्हणाली. "उभी राहिलीस तर जा. बाबांना मी बघते."

"आणि पडले तर?"

"तर तिथली कुणीतरी तुला जिवानिशी मारेल. त्यापेक्षा इथे मी मारते."

यात माया होती. राग त्याहून जास्त होता.

पहिल्याच ठोशाला धाकटीची भुवई फुटली आणि रक्त डोळ्यात उतरलं. दुसरा नेमका जुन्या बरगडीवर बसला. थोरलीने तिला कोपऱ्यात दाबून मिरच्या कांडाव्यात तशी कांडली. बाहेरून बाप ओरडत होता, "उतरव तिचं खूळ." धाकटीला भीती वाटली, पण त्याहून वाईट म्हणजे तिला हायसं वाटलं. पडले की सुटले. उद्यापासून पुन्हा हाच कोपरा आणि हाच पगार.

त्या हायसं वाटण्याचाच तिला असा संताप आला की उजवा हात सुटला तो थांबलाच नाही. थोरलीच्या नाकाचं हाड मोडल्याचं तिला मनगटापर्यंत जाणवलं. थोरली गुडघ्यांवर आली. धाकटीने आणखी एक हाणला. पडत्याला मारू नये हे तिला कळत होतं, तरी हाणला.

बाप टॉवेल घेऊन धावत आला. थोरलीची हनुवटी वर करून त्याने नाक पाहिलं. ते पुन्हा मोडलं तर खेळ संपला, असं डॉक्टरांनी तेव्हाच सांगितलं होतं. त्याने हनुवटी सोडून दिली, उठला, आणि धाकटीची भुवई पुसू लागला.

"आता कुठे जायचं नाही हं," तो म्हणाला. इतका मऊ आवाज तो फक्त थोरलीशी काढायचा. "हिची जागा तुला. पगारही हिचाच. सगळं पक्कं."

थोरली खाली बसून ऐकत होती.

काल हेच सगळं थोरलीचं पक्कं होतं. धाकटीने टॉवेल हिसकावून थोरलीच्या तोंडाशी धरला आणि तिला काखेत हात घालून उठवलं. बापाने दंड पकडला तेव्हा तिने कोपर त्याच्या पोटात घातलं. तो दोरावर कोलमडला, आणि दोघी बाहेर पडल्या.

दवाखान्याच्या बाकावर थोरली भिंतीला टेकून बसली होती. टॉवेल भिजून जड झाला होता. मग रक्त गिळत ती म्हणाली, "गाडी चुकेल तुझी."

"चुकू दे. तुला असं टाकून कशी जाऊ?"

"चुकू दे काय?" थोरलीने तिला ढकललं, चांगलं जोरात. "मग माझं नाक काय फुकट फोडलंस?"