माईकवर दिलेलं घर

माझे मामा भाषेचे तत्त्वज्ञ आहेत. साखरखेर्ड्यात, आमच्या गावात, हे सांगितलं की लोक विचारतात, म्हणजे करतात काय? मी म्हणते, माणूस बोलतो तेव्हा नेमकं काय घडतं, याचा ते विचार करतात. त्यावर एकदा एका म्हाताऱ्याने मला विचारलं होतं, अन् याचा पगार भेटते? भेटत होता. पुण्यात नोकरी झाली, परदेशात भाषणं झाली, त्यांची पुस्तकं दूरदूरच्या विद्यापीठांत लावली गेली. मेहकरच्या कॉलेजात मी तीच पुस्तकं शिकवते. पुढचं सगळं मी रागात सांगणार आहे. कुणाला समतोल हवा असेल तर त्याने मामांचं पुस्तक वाचावं, तिथे तो भरपूर आहे.

पुस्तकातलं थोडं सांगते, नाहीतर राग कळायचा नाही. 'पाऊस पडतोय' हे वाक्य खरं असतं किंवा खोटं असतं. पण 'ही म्हैस तुला दिली' हे खरंही नसतं आणि खोटंही नसतं. ते काम असतं. बोललं की झालं. इथवर गोरे लोक मामांच्या आधीच पोचले होते. मामांनी पुढचं विचारलं: 'झालं' असं ठरवतो कोण? माझे आजोबा पुंजाजी, म्हणजे मामांचे वडील, एकदा शेताच्या बांधाच्या भांडणात साक्ष द्यायला गेले होते. सगळं डोळ्यांनी पाहिलेला तो एकच माणूस होता. त्यांनी साक्ष दिली आणि पंचांनी ती ऐकलीच नाही, पुढच्याला बोलावलं. शब्द होते, बोलणारा खरा होता, धरणारा कुणी नव्हता, कारण बोलणारा आमच्या वस्तीतला होता. ही गोष्ट लहानपणी ऐकलेल्या पोराने पुढे जगाला सांगितलं की शब्दाला वजन ऐकणारा देतो. ऐकणाऱ्याने धरला की शब्द बोलणाऱ्याचा राहत नाही. आणि वचन म्हणजे मनाची बातमी नव्हे. 'माझ्या मनात तसं नव्हतं' म्हणून सुटायची सोय ठेवली, तर मोठे लोक कायम सुटतील आणि गरीब तेवढे शब्दाला बांधलेले राहतील. हे वाचून मी रडले होते. आता त्याचंही वाईट वाटतं.

माझी आई बेबीताई ही त्यांची थोरली बहीण. मी रांगत होते तेव्हा माझे वडील गेले. आई मला घेऊन माहेरी आली आणि अंगणवाडीत लागली. तिच्या आधाराने मामा शिकले. घर आजोबांनी मामांच्या नावे केलेलं होतं, पण सारवलं, शाकारलं, राखलं ते आईने. बसस्टँडजवळ दोन खोल्या आणि पुढे लांब ओसरी. त्या ओसरीवर आई संध्याकाळी गावातल्या पोरींना अभ्यासाला बसवायची. ज्यांच्या घरात टीव्ही आणि पाहुणे यांतून जागा उरत नसे त्या सगळ्या यायच्या. आमच्या वस्तीतल्या यायच्या, मराठ्यांच्या यायच्या, शेजारच्या हार्डवेअरवाल्या शाकिरभाईंची सफा तर शाळेतून परस्पर इथेच यायची.

दोन वर्षांपूर्वी आई गेली. पुण्यानुमोदनाला, म्हणजे आम्हा बौद्धांच्या गेलेल्या माणसासाठीच्या विधीला, दारात मांडव घातला होता. भंते आले, त्रिशरण-पंचशील झालं, मग आदरांजलीसाठी माईक फिरू लागला. आमच्यात पुण्यानुमोदनाच्या माईकवर बोललेलं हलकं धरत नाहीत. एका गृहस्थांनी असाच विहाराला पंखा कबूल केला आणि विसरले. त्यांच्या पोरीच्या लग्नात जेवणाच्या पंगतीतसुद्धा लोक त्यांना विचारत होते, पंखा कुठवर आला?

मामा माईकसमोर उभे राहिले. पुण्यात गेल्यावर त्यांच्या 'मले-तुले'वर पोरं हसायची, तेव्हापासून त्यांच्या दोन भाषा झाल्या होत्या. जीव लावायचा तर वऱ्हाडी आणि पटवून द्यायचं तर पुणेरी. त्या दिवशी ते वऱ्हाडीत बोलले.

"ताईनं मले शिकवलं. हे घर कागदावर माह्यं, पण वागवलं तिनं. आजपासून हे घर माह्यं नाही. गावच्या पोरींच्या अभ्यासाचं झालं. दिलं. अन् ही मनाली. आजपासून मी हिचा मामा नाही, बाप हाये."

सगळ्या मांडवाने दान मान्य करत म्हटलं, "साधू, साधू, साधू." मागच्या रांगेत शाकिरभाई उभे होते. त्यांनी हात थोडे वर केले आणि त्यांच्या तोंडून निघालं, "आमीन." दोघा-तिघांनी हसू दाबलं. मी मात्र इतकी रडले की सोजराबाईने, म्हणजे आईच्या जिवाभावाच्या शेजारणीने, मला धरून आत नेलं.

त्या आमीनचं मामांनी पुढे सोनं केलं. पुण्यातल्या एका भाषणाचं रेकॉर्डिंग मी पाहिलंय. "एकच दान, दोन धर्मांच्या भाषा, आणि कृती मात्र एकच," असं ते म्हणाले आणि सभागृह टाळ्यांनी भरून गेलं.

मांडव उतरल्यावर शाकिरभाई मला म्हणाले होते, "मॅडम, सर मोठा माणूस, शक नाही. पण बक्षीसपत्र करून घ्या. जबान जबानीच्या जागी, कागद कागदाच्या जागी." मी हसले. एवढंच नाही, त्यांच्याच दुकानात त्यांच्याच स्टुलावर बसून मी त्यांना मामांचा सिद्धांत समजावून सांगितला. ज्या माणसाने जन्मभर हेच लिहिलं की दिलेला शब्द हीच कृती, त्याच्यापुढे स्टॅम्पपेपर धरायचा? भाई म्हणाले, बरं. गिऱ्हाईक ताटकळत होतं.

मग ओसरीला पत्रे पडले. कुणी टेबलं दिली, भाईंनी दिवे बसवून दिले. सोजराबाईने रोज झाडायचं अंगावर घेतलं. 'बेबीताई अभ्यासिका' अशी पाटी लागली. आणि मी मामांना बाबा म्हणू लागले. बाबा म्हटल्यावर तुम्ही कसं म्हणणार? अहो-जाहो आपोआप गळालं. दर रविवारी फोन यायचा, "बेटा, जेवली काय?" चाळिशीला आलेल्या बाईला कुणी असं विचारावं, याचं मला फार सुख होतं. खोटं कशाला बोलू.

या उन्हाळ्यात एका दुपारी मेहकरहून बसने उतरले तर शाकिरभाई स्टँडवर उभे होते. माझ्या नजरेला नजर देईनात.

"मॅडम, सरांचा फोन आल्ता. घर घेता काय म्हणे. तुमच्या गोदामाले बरं पडंल."

"कोणतं घर?"

"हेच. ताईचं."

मी त्यांच्यावरच ओरडले. तुम्ही चुकीचं ऐकलं म्हटलं. ते बिचारे मान खाली घालून ऐकत राहिले. घरी येऊन फोन लावला. मामा म्हणाले, "फोनवर नको, मी येतो." मग कळायचं ते कळलं.

ते आले. ओसरीवर पोरी वाचत होत्या, त्यांच्या मधून पाय टाकत आत आले. एकीलाही नाव विचारलं नाही. मी चहा ठेवला. पुण्यात त्यांच्या नावाने एक केंद्र उभं राहायचं होतं. भाषा आणि विचार यांचं केंद्र. त्यांचे विद्यार्थी झटत होते, पण मामांनी स्वतः पैसे घातल्याशिवाय ते पुढे सरकत नव्हतं.

"हे बघ मनाली," मामा म्हणाले, "मूळ प्रश्न असा आहे की त्या उच्चाराची परिस्थिती काय होती. माणूस शोकाच्या भरात असताना त्याने केलेल्या विधानाला आपण वचनाचा दर्जा देऊ शकतो का?"

"बाबा, तू माह्याशी पुणेरी काऊन बोलून राह्यला?"

चहावर साय धरली. मग मामा म्हणाले, "माह्या मनात तसं नव्हतं, बेटा. ताई गेली होती. तोंडून निघून गेलं."

"वचन म्हणजे मनाची बातमी नव्हे. तूच लिह्यलं."

"ते पुस्तकात."

दोन शब्द. आजोबांची साक्ष, आईचं राबणं, माझी दोन वर्षांची बडबड, सगळं त्या दोन शब्दांत गेलं. लोक शत्रूला घाबरतात. मला शत्रू नव्हताच. केसाने गळा कापतात म्हणतात ते मला त्या दिवशी कळलं. कापणारा समोर बसून माझ्याच हातचा चहा पीत होता.

आणि मग मुद्द्याचं आलं. शाकिरभाईंनी त्यांना सांगितलं होतं, पोरी आणि गाव राजी असेल तरच घेईन. तेव्हा संध्याकाळी चार माणसं बोलवायची आणि मी बोलायचं.

"गाव तुह्यं ऐकते," ते म्हणाले. "तू एवढंच म्हण, मामा दुःखात बोलला, ते मनावर घेऊ नका. जिले शब्द दिला तिनंच सोडला म्हंजे तो सुटला."

हेही पुस्तकातलंच आहे, चौथ्या प्रकरणातलं. स्वतःला उपयोगी पडेल तेवढं पुस्तक त्यांना बरोबर आठवत होतं. आणि 'मामा दुःखात बोलला' म्हणाले. बाबा नाही म्हणाले. ते त्यांच्या ध्यानातही आलं नसावं, इतकं सहज म्हणाले.

संध्याकाळी ओसरी भरली. पोरी होत्या, त्यांच्या आया होत्या, सोजराबाई होती, दारात शाकिरभाई. आईच्या फोटोखाली मामा खुर्चीवर बसले. माईक नव्हता. मी उभी राहिले. दुःखाने नाही, संतापाने.

"मामांचं म्हणणं आहे," मी म्हटलं, "का दोन वर्षांपूर्वी ते दुःखात बोलले. मनात तसं नव्हतं. ते मोकळीक मागून राह्यले. मी सगळ्यांच्या वतीनं त्यायले मोकळं करावं, अशी त्यायची इच्छा हाये."

सफाने पुस्तक मिटलं.

"घर त्यायनं मले नव्हतं दिलं. तुमाले दिलं. साधू तुमी म्हटलं. मंग ते सोडाचा अधिकार मले कोठून येते? तुमचं तुमी पाहा." मी मामांकडे वळले. "पण त्याच माईकवर, त्याच दमात, मलेबी एक गोष्ट दिली होती, बापाचं नातं. ती माह्यी. ती मले सोडता येते. मी सोडते. त्या शब्दातून तुमी मोकळे."

मामा उठले. "अवं, ते येगळं हाये, बेटा! ते मी मनातून म्हटलं होतं."

"मनातलं मले कसं दिसल?" मी म्हटलं. "मी ऐकलं फक्त. दोन्ही सारखंच ऐकू आलं."

सोजराबाई भिंतीशी बसून होती. ती कधी चारचौघांत बोलत नाही. "म्हंजे बोलाचीच कढी होती म्हना," ती म्हणाली, "अन् हे पाहाच्या आधी बेबी गेली ते बरंच झालं." आणि तिने पदर तोंडाला लावला.

मामांनी दाराकडे पाहिलं. "शाकिरभाई, तुमी तरी सांगा."

"काय सांगू सर?" भाई म्हणाले. "घर जागेवर हाये, मले गोदाम पायजेच. पण म्या आमीन म्हटलं होतं. माह्या तोंडानं मांगितलं का हे घर पोरींले लागो, अन् आता मीच त्याले कुलूप लावू? नाही जमत." ते सफाला म्हणाले, "चाल बेटा," आणि मग थांबले. "नाही, बस. वाच. जेवाले ये." आणि एकटेच गेले.

हळूहळू बाया उठल्या. एकीनेही मामांना नमस्कार केला नाही, कुणी वाईटही बोललं नाही. पोरी मात्र तिथेच बसून राहिल्या आणि थोड्या वेळाने पानं उलटल्याचा आवाज येऊ लागला. मामा आतल्या खोलीत झोपले. जेवले नाहीत. मीही आग्रह केला नाही.

घर अजून कागदावर मामांचंच आहे. उद्या ते जालन्याहून एखादं गिऱ्हाईक आणतील, ज्याने ना साधू म्हटलं ना आमीन. कायदा त्यांच्या बाजूने आहे आणि ते मला ठाऊक आहे. तोवर ओसरी उघडी राहील. पाटी काढायची झाली तर त्यांना येऊन स्वतःच्या हाताने काढावी लागेल. गावात कुणी काढणार नाही.

सकाळी मी त्यांची पिशवी धरून स्टँडवर गेले. पाहुण्याला सोडायला जातात तशी गेले. मेहकरची बस लागली. त्यांनी पिशवी घेताना माझ्या डोक्यावर हात ठेवला, मी तो काढला नाही. पायरीवर चढल्यावर ते वळले.

"बेटा, पोचलो का फोन करतो."

"करा, मामा," मी म्हटलं.

त्यांचा हात दांडीवर तसाच राहिला. मागची माणसं चढायला घाई करत होती, कंडक्टर आत सरका म्हणून ओरडत होता आणि ते पायरीवरच उभे राहून माझ्याकडे पाहत होते. जन्मभर शब्द ऐकण्याचंच काम केलेला माणूस. त्यांनी ऐकलं होतं.